अंगठ्याचा पुरावा

तुटलेलं बोट माणसं कशाकशात घालून आणतात, याची यादी मी एकदा दिल्लीला पाठवलेल्या अर्जाला जोडली होती. खिशातला रुमाल. हळदीने भरलेली वाटी. जेवणाच्या डब्यात दूध आणि दुधात बोट. मधाची बाटली. एका हॉटेलवाल्याने बोट फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मटारांशेजारी ठेवलं आणि स्वतः अंघोळ उरकून सावकाश आला, कारण फ्रीजमध्ये ठेवलेली वस्तू खराब होत नाही असा त्याचा अनुभव होता. जवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर काम करणारा एक तंत्रज्ञ स्क्रूच्या डबीत बोट घेऊन आला. डबीवर नाव, तारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. आत मात्र बोट कोरडंठाक. यादी वाचून समितीतल्या कुणीतरी समासात एक इंग्रजी शब्द लिहून अर्ज परत धाडला. त्याचा सरळ अर्थ ‘किस्से’.

बरं, किस्से तर किस्से. सांगते.

मी हाताची सर्जन. मनगटापासून पुढे जे आहे तेवढंच माझं राज्य. नारायणगावात तीसेक वर्षं दवाखाना चालवला. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत मला नावाने ओळखणारे थोडे, पण ‘बोटांच्या बाई’ म्हटलं की एसटीचा कंडक्टर दवाखान्याच्या दारात गाडी थांबवायचा. आमचं घर मूळचं राजस्थानातलं, जैन. चार पिढ्यांपासून इथल्या बाजारपेठेत कापडाचं दुकान. मी सर्जरीला जाते म्हटल्यावर आई आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. शेवटी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “एक सांग, तू कापणार का जोडणार?” मी म्हटलं, जोडणार. “मग जा,” म्हणाली. त्यानंतर विषय कधी निघाला नाही.

जोडणं म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. बोट तुटलं की हाड तारेने टाचायचं, दोऱ्यांसारखे स्नायूबंध शिवायचे, इथवर कुणालाही जमेल. खरं काम पुढे. बोटात रक्त नेणाऱ्या दोन नळ्या असतात, शेवईपेक्षा बारीक. त्या मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक धाग्याने जोडायच्या, मग रक्त परत आणणाऱ्या नळ्या, मग संवेदनेच्या नसा. एका बोटाला पाच-सहा तास सहज जातात. नळ्यांवर लावलेले चिमटे सोडले की पांढरंफटक बोट हळूहळू गुलाबी होतं. तो रंग मी शेकडो वेळा पाहिला असेल, तरी दर वेळी माझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि सिस्टर दुसरीकडे बघायची.

पण यातलं निम्मं यश मी हातमोजे घालायच्या आधीच ठरलेलं असतं. बोट आलं कसं, यावर. रीत सोपी आहे. बोट स्वच्छ पाण्याने हलकेच धुवायचं, ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळायचं, पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवायची. बर्फ बोटाला थेट लागता कामा नये, लागला की बोट जळतं. एवढं केलं तर बोट कित्येक तास जिवंत राहतं. हे शिकायला डॉक्टर व्हावं लागत नाही. सांगणारं कुणीतरी मात्र हवं.

आमच्याकडे बोटं खाणारं यंत्र म्हणजे कुट्टी मशीन. गुरांना घालायचा कडबा, मका, उसाचं वाढं त्यात सारायचं आणि पलीकडून बारीक तुकडे पडतात. लाईट येईल तशी कुट्टी करायची, म्हणजे घाई. वाढं अडकलं की ढकलायला हात पुढे जातो आणि मशीन चारा आणि हात यांत भेद करत नाही.

बोरी बुद्रुकची मंदा अशीच आली. सकाळची वेळ, शेजाऱ्याच्या जीपमधून, उजव्या हाताला ओढणी गुंडाळलेली, अंगठा मुळापासून गेलेला. अंगठा म्हणजे निम्मा हात. भाकरी थापणं, खुरपं धरणं, लेकराची वेणी घालणं, सगळं त्याच्यावर. मी विचारलं, “अंगठा कुठंय?”

नवरा खाली बघत होता. मग सासू पुढे आली. हौसाबाई. साठीकडे झुकलेली, उंच, ताठ बाई. “मातीला दिला, बाई,” म्हणाली. “मीठ घालून पुरला बांधाला. माणसाचं मास असं उघड्यावर टाकू न्हाई. कुत्र्यानं न्हेलं म्हंजी?”

आमच्या भागात ही रीत आहे. तुटलेला अवयव टाकायचा नाही, त्याला माती द्यायची. त्यात आदर आहे, माया आहे, आणि माझ्या दृष्टीने सत्यानाश आहे. मी मंदाच्या नवऱ्याला तसाच मोटारसायकलवर परत पिटाळला. तो अंगठा उकरून घेऊन आला तेव्हा दोन तास उलटले होते. माती धुतली, मीठ धुतलं. मिठाने नळ्यांची आतली बाजू पार खाल्ली होती. शहाण्या सर्जनने तिथेच थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. सात तास बसून अंगठा जोडला. गुलाबी झाला. चौथ्या दिवशी काळा पडला आणि मलाच तो काढावा लागला. शेवटी तो पुन्हा त्याच बांधाला गेला.

हौसाबाई ते चारही दिवस व्हरांड्यात बसून होती. अंगठा काढून मी बाहेर आले आणि तिच्यासमोर उभी राहून म्हणाले, “तुम्ही पुरला नसता तर आज सुनेचा हात शाबूत असता.” खरं होतं, पण बोलायला नको होतं. तिने नुसता पदर डोक्यावर ओढून घेतला. इतक्या वर्षांत माझ्या हातून चुकीचे टाके पडले असतील, पण त्या वाक्याइतकं काही मला लागून राहिलेलं नाही.

दीड महिन्याने ती एकटीच एसटीने आली. मला वाटलं, भांडायला आली. समोर बसली आणि म्हणाली, “आता सांगा. कसं आणायचं असतं?”

मी सांगितलं. तिने दोनदा म्हणून दाखवलं. “फडकं, पिशवी, बर्फाची पिशवी. बर्फ लागू द्यायचा न्हाई.” मग म्हणाली, “हे आमाला आधी का न्हाई सांगितलं कुणी?”

म्हणून मी अर्ज लिहिला.

सरकार संशोधनाला पैसा देतं तो कसा, हे वाचकांना ठाऊक असायचं कारण नाही. दिल्लीहून जाहिरात निघते, आपण प्रस्ताव पाठवायचा, जाणकारांची समिती तो तपासते. खासगी दवाखान्याला अर्ज करता येत नाही, म्हणून मी पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाचा हात धरला. प्रस्ताव साधा होता. दोन तालुक्यांतल्या कुट्टी मशीनशेजारी खिळ्याला एक संच टांगायचा, दोन पिशव्या, एक फडकं आणि चित्रांची पाटी. घरोघर शिकवायचं. मग दोन-तीन वर्षं मोजायचं, बोटं कशी येतात आणि किती जगतात.

उत्तर आलं, नावीन्य नाही.

मी इतकी वर्षं त्या याद्या बघत आले आहे, कुणाला पैसा मिळाला आणि कुणाला नाही याच्या. त्यांनाही फॅशन असते, साड्यांसारखी. मी शिकत होते तेव्हा साथीचे रोग आणि कुटुंब नियोजन. मग जनुकं आली. मग मूळपेशी आल्या, आणि त्यांतून काहीही उगवेल असं वाटायला लागलं. आता संगणकाची बुद्धी. आजच्या प्रस्तावात ते शब्द नसतील तर तो वाचायला चष्मासुद्धा कुणी लावत नाही. या सगळ्यात सर्जन कुठे, तर यादीच्या तळाशी, असलाच तर. त्याचं कारणही उघड आहे. सर्जन सकाळपासून ऑपरेशनमध्ये उभा असतो आणि साठ पानी अर्ज भरायला बसावं लागतं. तपासणारे बहुतेक प्रयोगशाळेतले. त्यांच्या लेखी आम्ही करतो ती सेवा, संशोधन नव्हे. आणि लोकांना शिकवणं हे आरोग्य खात्याचं काम. आरोग्य खातं म्हणतं, आधी संशोधनाने सिद्ध करा. हातांच्या बाबतीत पैसा मिळतो तो यंत्राचा हात बनवायला. मी विरोधात नाही, यंत्राचे हात जरूर बनवा. पण देवाने दिलेला हात वाचवायला हात आखडता आणि नकली हात बनवायला हात सैल, हे गणित मला कुणी समजावून सांगावं. खोडदला आकाशातली कुजबुज ऐकायला एवढाल्या तबकड्या उभ्या केल्या, त्याचा मला अभिमान आहे. त्याच शिवारात बांधाखाली पुरलेलं बोट काय सांगतंय, ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

इथे माझं एक पाप सांगून टाकते. मधल्या काळात मलाच एकदा अशा समितीवर बोलावलं होतं. कुठल्याशा दूरच्या जिल्ह्यातल्या एका सर्जनचा प्रस्ताव आला, चुलीने भाजलेल्या बायकांच्या हातांवर. इंग्रजी कच्चं, तक्ते चुकलेले. मीही त्यावर लिहिलं, नावीन्य नाही. चहा-बिस्किटं खाऊन परतीच्या गाडीत बसले आणि मग माझं मलाच कळलं की मी काय लिहून आले. त्या माणसाचं नावही आता आठवत नाही. आठवायला हवं होतं.

दुसऱ्या वेळी मी शहाणपणा केला. एका प्राध्यापक मित्राने सुचवलं की प्रस्तावात थोडं जनुकांचं घाला. घातलं. तुटलेल्या बोटातल्या पेशी मिठात आणि बर्फात कसकशा वागतात, कुठला रेणू वाढतो, कुठला घटतो. मला त्या रेणूशी घेणं-देणं नव्हतं. पण काय सांगू, प्रस्ताव थेट मुलाखतीपर्यंत गेला. दिल्लीत गारठलेल्या खोलीत सात माणसं बसली होती. पाऊण तास त्या रेणूवर चर्चा झाली. अंगठ्यावर एकही प्रश्न नाही. शेवटी अध्यक्ष म्हणाले, शिकवण्याचा भाग गाळा, रेणूचा ठेवा, मंजूर करू.

मी कागद गोळा केले आणि म्हणाले, “साहेब, रेणू तुमच्याकडे ठेवा. मला अंगठे हवेत.” आणि खाली आले. पश्चात्ताप आजही नाही. पुण्याच्या महाविद्यालयाने मात्र वर्षभर माझा फोन उचलला नाही.

हौसाबाई काही मंजुरीची वाट बघत थांबली नव्हती. आमच्या दुकानातल्या कापडाची फडकी मी कापून द्यायची, पिशव्या ती स्वतः आणायची आणि मशीनशेजारी खिळा ठोकून टांगायची. बोरी झालं, शेजारची गावं झाली. तिचं भाषण एका ओळीचं होतं. “मी पुरला. तुमी पुरू नका.” ते म्हणताना ती मंदाला बरोबर घ्यायची आणि मंदा हात पुढे करायची, चार बोटांचा. सासू-सुनेत काय बोलणं झालं होतं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. मंदा तोवर डाव्या हाताने भाकरी थापायला शिकली होती. एकदा मला हसत म्हणाली, “बाई, रेशनच्या मशीनला लई घोर लागलाय. म्हणतंय अंगठा लावा, अंगठा लावा. म्या म्हणलं, बोरीच्या बांधावर जाऊन विचार.”

तिसऱ्या अर्जाच्या वेळी पुण्याहून एक तज्ज्ञ पाहणीला आले. भले गृहस्थ, मराठी, सुती शर्ट घातलेले. मी त्यांना बोरीला नेलं. गोठ्याबाहेर खाटेवर बसून त्यांनी हौसाबाईचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि सौम्यपणे विचारलं, “मावशी, हे सगळं ठीक आहे. पण याला पुरावा काय?”

हौसाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. “आवं न्हाई सायेब,” म्हणाली, “पुरावा न्हाई. तेच सांगतीय कवाधरनं. पुरायचा नसतो.”

साहेबांना आधी कळलं नाही. कळल्यावर ते खूप हसले, मीही हसले. हौसाबाई हसली नाही. “हसाय काय झालं?” म्हणाली. “पुरावा म्हणूनच तर पुरला व्हता म्या. आमच्या सासूनं सांगितलं व्हतं, पुरावा.”

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. जाताना तिला वाकून नमस्कार केला. अहवालात त्यांनी लिहिलं ते हे, की कार्यकर्त्यांची तळमळ वाखाणण्याजोगी आहे, परंतु पुरेसा पुरावा उपलब्ध नाही. पुरावा गोळा करायलाच तर मी पैसे मागत होते. पण ते असो.

त्यानंतरच्या वर्षी आणे गावच्या पठारावरून एक माणूस आला. चाळिशीचा, डाव्या हाताची तर्जनी गेलेली, चेहरा पांढरा पडलेला, पण उजव्या हातात पिशवी घट्ट धरलेली. मी उघडून बघितली. पिशवीत बर्फ-पाणी, त्यात दुसरी पिशवी गाठ मारलेली, तिच्यात ओलं फडकं, फडक्यात बोट. गार, स्वच्छ, फिकट. वह्यांत चित्र काढून दाखवतात तसं. तीस वर्षांत असं बोट माझ्या टेबलावर आलं नव्हतं, आणि आण्याला तर आम्ही एकही खिळा ठोकलेला नव्हता.

“हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

“बोरीच्या मावशीनं,” तो म्हणाला. “आमच्यात लग्नाला आल्या व्हत्या. लोकं जेवाय बसली आन् ह्या पंगतीत पिशवी दावीत फिरत्यात. आमी लई हसलो व्हतो, राव.” आणि मग त्याला रडू फुटलं. “बाई, आमच्या म्हातारीनं कुदळ काढली व्हती. बायको म्हणली, न्हाई, थांबा. बर्फ सोड्याच्या दुकानातनं आणला.”

पाच तास लागले. चिमटे सोडले आणि बोट गुलाबी झालं. सिस्टरने दुसरीकडे बघितलं नाही, तीही रडत होती. चौथा दिवस आला, पाचवा आला. रंग टिकला. मी हौसाबाईला निरोप धाडला. ती आली, त्या माणसाचं बोट आपल्या दोन बोटांत धरून बघितलं, ऊब लागते का ते पाहिलं, आणि पुन्हा एसटी धरली.

आता माझाच हात थोडा कापतो. हाताच्या सर्जनचा हात कापायला लागला की घरी जायचं असतं, तशी मी आले. दवाखाना माझ्या हाताखाली शिकलेल्या डॉक्टरांकडे आहे. पण अर्ज भरायला कापरा हात चालतो. या वर्षी चौथा भरला. यात रेणू नाही, संगणकाची बुद्धी नाही. अर्जात सह-संशोधकाचा एक रकाना असतो, नाव, पात्रता, सही. नाव लिहिलं, हौसाबाई, मुक्काम बोरी बुद्रुक. पात्रतेच्या जागी लिहिलं, ‘स्वतःच्या सुनेचा अंगठा स्वतःच्या हाताने पुरला. त्यानंतर आपल्या गावात एकही पुरू दिला नाही.’ सहीच्या जागी तिने शाईत बुडवून डाव्या हाताचा अंगठा उठवला.

आठवड्याने महाविद्यालयातून एका तरुण कारकुनाचा फोन आला. “मॅडम, सहीच्या चौकटीत शाईचा डाग आलाय.”

“डाग नाही, अंगठा आहे.”

“मॅडम, संगणक तो घेत नाही. आणि पात्रतेत पदवी लागते. ते नाव काढून टाकलं तर अर्ज लगेच पुढे जाईल.”

मी म्हटलं, “नाव निघणार नाही. ते असेल तरच अर्ज माझा.” तो बिचारा म्हणाला, “मग परत येईल मॅडम.” आणि अर्ज परत आलाच. ‘सही ग्राह्य नाही’ असा शेरा मारून.

तो कागद घेऊन मी बोरीला गेले. मंदा डाव्या हाताने भाकरी थापत होती. कुट्टी मशीनशेजारी खिळ्याला पिशवी टांगलेली होती. हौसाबाई आता ऐंशीच्या घरात आहे, कमी ऐकू येतं. तिने माझा चेहरा बघितला.

“न्हाई झालं पास?”

“नाही. तुमचा अंगठा चालत नाही म्हणतात.”

तिने आपले दोन्ही हात उताणे करून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघितलं.

“मंग परत भरा,” म्हणाली. “ह्या खेपेला उजवा लावू. माझ्याकडं अजून दोन हायेत.”